लिफ्ट आणि मोठ्या टायरनंतर परत परत येणारी थरथर: जुन्या व्ही-क्रॉसचं निदान

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, बीएस-४ काळातली, २.५ लिटर इंजिनाची. पुढे-मागे दोन इंची लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच केलेली), मूळच्या २४५/७० आर१६ च्या जागी २६५/७५ आर१६ टायर. दिसायला झकास. तक्रार मात्र ठरलेली: सिग्नलवरून गाडी उचलली की बुडाखाली घरघर, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंगला कंप, आणि पुढचे टायर एका अंगाने खलास. बॅलन्सिंग केलं की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. शेवटी टायरच डिफेक्टिव्ह आहेत म्हणून दुकानदाराशी भांडण.

हे रडगाणं संपत नाही, कारण तीन वेगळ्या आजारांना एकच नाव पडलंय, ‘व्हायब्रेशन’, आणि औषध दरवेळी एकच दिलं जातं, बॅलन्सिंग. चाकाचा कंप, शाफ्टचा कंप आणि इंजिनाचा कंप वेगवेगळ्या वेगाला आणि वेगवेगळ्या भाराला येतो. आधी तो वेगळा काढायचा, मगच पाना हातात घ्यायचा. खाली लिहिलेलं व्ही-क्रॉस समोर ठेवून आहे. पण पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाटे आणि दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचं फिरणं मागच्या चाकांकडे नेणारी लांब नळी) असलेल्या बहुतेक डबल कॅब पिकअपना ते लागू पडतं.

निदानाआधी दोन गोष्टी

गाडी आता आठ-दहा वर्षांची आहे. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, चाकाचे बेरिंग, शाफ्टचे क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे), सेंटर बेरिंगचं रबर या सगळ्यांनी तेवढा रस्ता खाल्लेला असतो. थोडीशी ढिलाई मूळ उंचीवर, मूळ टायरवर जाणवत नाही. जड टायर आणि वाढलेले कोन आले की तीच जाणवायला लागते. म्हणून पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली घोडी लावा, आणि चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेरिंग, आडवा खेळ असेल तर टाय रॉड किंवा बेरिंग. कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यावर खेळ गायब झाला तर बेरिंगच समजा. यात काही सापडलं तर पुढचं वाचण्याआधी ते बदला. ढिल्या पुढच्या अंगावर केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरी गोष्ट टायरच्या आकड्यांची. २४५/७० आर१६ चा व्यास ७४९ मिलिमीटर भरतो, २६५/७५ आर१६ चा ८०४. म्हणजे टायर ७.३ टक्क्यांनी उंच झाला आणि हौसिंग (मागच्या चाकांमधलं, डिफरन्शियल पोटात घेणारं कवच) जमिनीपासून २७ मिलिमीटर वर गेलं. दोन इंच लिफ्टने हौसिंग तसूभरही वर जात नाही, वर जाते ती चेसिस आणि बॉडी. ‘लिफ्ट केली तरी दगड डिफरन्शियललाच लागतो’ ही तक्रार त्यामुळेच. आणि टायर ७.३ टक्के उंच म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. पूर्वी पाचव्यात पन्नासला गाडी कुरकुर न करता ओढायची, आता त्याच वेगाला इंजिन आणखी खाली उतरतं आणि सगळी केबिन गुरगुरते. हा कंप असेल तर एक गिअर खाली घ्या आणि बघा. गेला तर तुमची गाडी ठणठणीत आहे, सवय बदला. घाटात तर बदलावीच लागेल.

कोणत्या वेगाला, कोणत्या भाराला

सरळ, सपाट, रिकामा रस्ता शोधा. पहाटे हायवेचा सर्व्हिस रोड उत्तम. चाचण्या अशा:

एक, शून्यापासून चाळीसपर्यंत गाडी जोरात उचला, मग तेच अगदी हळू उचला. घरघर फक्त जोरात उचलताना येत असेल, आणि वीस-तीसच्या आसपास जास्त असेल, तर शाफ्टच्या कोनांकडे बोट जातं. चाकाचा तोल बिघडला असेल तर वीसच्या वेगाला तो सहसा कळतसुद्धा नाही.

दोन, ज्या वेगाला कंप येतो त्या वेगाला क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला टाका आणि गाडी वाहू द्या. इंजिनाचे आरपीएम खाली आले तरी कंप तसाच राहिला, तर तो रस्त्याच्या वेगाशी बांधलेला आहे: चाक किंवा शाफ्ट. लगेच थांबला, तर इंजिन, माउंटिंग किंवा भार आल्यावरच बोलणारा शाफ्टचा कोन. स्टिअरिंग लॉक होईल म्हणून चावी मात्र बंद करायची नाही. हे सांगावं लागतं.

तीन, कंप कुठे जाणवतो. स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं. सीटमध्ये आणि फरशीत असेल तर मागची चाकं किंवा शाफ्ट. मधल्या आरशात रस्ता अंधुक दिसायला लागला तर कंप बारीक आहे, म्हणजे शाफ्टचा असण्याची शक्यता जास्त.

यापेक्षा नेमकं हवं असेल तर खिशातला फोन वापरा. कंपनाची वारंवारता दाखवणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात. फोन सीटच्या रेलवर किंवा फरशीवर घट्ट चिकटवा, पायाशी मोकळा सोडू नका. आता हिशोब. २६५/७५ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.४५ मीटर जातो. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२.२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला ९ फेरे मारतं. चाकाचा दोष असेल तर आलेखात ९ हर्ट्झच्या आसपास टोक दिसेल. डिफरन्शियलचा रेशो चारच्या आसपास धरला तर शाफ्ट सेकंदाला ३६ फेरे मारतो. शाफ्टचा तोल गेला असेल तर टोक तिथे. आणि क्रॉसचा कोन चुकला असेल तर एका फेऱ्यात दोन हिसके, म्हणजे ७२ हर्ट्झ.

इथे एक मेख आहे. बऱ्याच फोनचा सेन्सर सेकंदाला शंभरच नोंदी घेतो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या वरचं त्याला नीट दिसत नाही. कधी कधी भलत्याच ठिकाणी टोक दाखवतो. म्हणून मोजणी ४० च्या वेगाला करा. तिथे चाक साडेचार, शाफ्ट १८, आणि कोनाचा हिसका ३६ हर्ट्झ. तिन्ही फोनच्या आवाक्यात. चार सिलिंडरचं इंजिन १,८०० आरपीएमला ६० हर्ट्झ देतं, ते यात मिसळू नये म्हणून एक मोजणी न्यूट्रलमध्येही घ्या.

उचलताना घरघर: शाफ्टचे कोन

बॅलन्सिंगने कधीच न जाणारा आजार हा. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३,०९५ मिलिमीटर आहे, एवढ्या लांबीला एकच शाफ्ट चालत नाही म्हणून तो दोन तुकड्यांत आहे आणि मध्ये चेसिसला लटकवलेलं सेंटर बेरिंग आहे. लिफ्ट केल्यावर गिअरबॉक्स आणि सेंटर बेरिंग दोन्ही चेसिसबरोबर वर गेले, हौसिंग खालीच राहिलं. पुढच्या शाफ्टचं काही बिघडलं नाही. सगळा वाकडेपणा मागच्या शाफ्टच्या वाट्याला आला.

क्रॉस वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा अलीकडचा भाग एकसारख्या वेगाने फिरत असला तरी पलीकडचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. मागच्या टोकाच्या क्रॉसला तेवढाच कोन असेल तर तो ही चूक उलटी करून संपवतो आणि पिनियनला (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याला) सरळ फिरणं मिळतं. दोन कोनांत फरक पडला की चूक शिल्लक राहते, आणि जोर दिला की सेंटर बेरिंगच्या रबरातून थेट तुमच्या सीटखाली येते. दोन्ही कोनांतला फरक एक अंशाच्या आत हवा. कोन स्वतः तीन अंशांच्या आसपास असले तर उत्तम, चार-साडेचारपर्यंत पिकअप खपवून घेते. गिअरबॉक्समागच्या पहिल्या क्रॉसला जोडीदार नाही, त्याचा कोन दीड अंशाच्या वर नेऊ नका.

मागची लिफ्ट कशाने केली यावर बरंच अवलंबून आहे. हौसिंग आणि पाटे यांच्यामध्ये सरळ ठोकळा टाकला असेल तर पिनियनची दिशा बदलत नाही. कोन वाढतात पण दोन्ही सारखेच वाढतात. लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) टाकली असेल तर पाट्याचं मागचं टोक खाली जातं, पाटा पुढच्या आयवर कलतो, आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. कोन वाढतात आणि शिवाय असमान होतात. लांब शॅकलवाल्या गाड्यांना घरघर जास्त असते ती याचमुळे. शॅकल जेवढी लांब केली त्याच्या निम्मीच उंची मिळते हेही लक्षात घ्या. दोन इंचासाठी चार इंच लांब शॅकल लावलेली गाडी वळणावर आडवी डुलते.

मोजायचं कसं? गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, मागे तुम्ही नेहमी नेता तेवढा माल. जॅकवर लटकलेल्या हौसिंगवर घेतलेले कोन निरुपयोगी. वॉशिंगची पिट मिळाली तर सोन्याहून पिवळं. चुंबकाचा डिजिटल अँगल गेज हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. शाफ्टची नळी कापडाने पुसा, चिखल खरवडा आणि गेज गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवर, पुढच्या नळीवर, मागच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजच्या सपाट तोंडावर लावा. फ्लँजवरचा आकडा नव्वदातून वजा करायचा. नळीवर रंगाचे पापुद्रे असतील तर तिथे अर्धा अंश सहज चुकतो, म्हणून प्रत्येक जागी गेज उलटा करून दोनदा वाचा.

लांब शॅकल असलेल्या एका गाडीचे आकडे असे निघतील असं समजा, सगळे मागे उतरते: गिअरबॉक्स ३ अंश, पुढचा शाफ्ट साडेतीन, मागचा शाफ्ट ९, पिनियनचा अक्ष ६. मधल्या क्रॉसचा कोन ९ वजा साडेतीन, म्हणजे साडेपाच. पिनियनचा ९ वजा ६, म्हणजे ३. फरक अडीच अंश. ही गाडी घरघरणारच.

आता बरेचजण सेंटर बेरिंगखाली वॉशर टाकून मोकळे होतात. १५ मिलिमीटर खाली घेतलं तर मीटरभर लांबीच्या पुढच्या शाफ्टला पाऊण-एक अंश जास्त उतार मिळतो, साडेतीनचे साधारण ४.४ होतात, मागचा शाफ्ट ९ वरून ८.३ वर येतो. मधला कोन चारच्या खाली आला, छान. पण पिनियनचा कोन २.३ वर घसरला. फरक अजून दीड अंशाच्या वर. घरघर कमी होते, जात नाही, आणि माणूस वॉशर वाढवत बसतो. त्याबरोबर पिनियनचं नाक दोन अंश खाली आणलं, म्हणजे ६ चं ४ केलं, तर तिथला कोन ४.३ होतो. एकीकडे ३.९, एकीकडे ४.३. पहिल्या क्रॉसला १.४. गाडी शांत.

नाक खाली आणायला उताराची पट्टी, म्हणजे वेज, पाटा आणि हौसिंगच्या मध्ये बसवतात. पाटा हौसिंगच्या वर असेल तर जाड बाजू पुढे ठेवली की नाक खाली जातं, मागे ठेवली की वर. उलटी बसवून ‘वेजने काही होत नाही’ म्हणणारे कमी नाहीत. वेज स्टीलची घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या ओव्हरलोड पाट्याखाली चिरडून बाहेर येतात. आणि एकावर एक दोन ठोकळे, किंवा ठोकळ्यावर वेज आणि त्यावर वॉशर, असला जुगाड मागच्या अंगाला करू नका. जोर दिल्यावर हौसिंग स्वतःभोवती पिळतं, पाटे ‘एस’ आकारात वाकतात आणि मग गेजवरचे सगळे कोन चालत्या गाडीत खोटे ठरतात. उंची हवी असेल तर जास्त कमानीचा पाट्यांचा सेट हा सरळ मार्ग. खर्च जास्त आहे, मान्य.

कोन बरोबर येऊनही घरघर तशीच? मग एकच प्रश्न विचारा: लिफ्ट करताना शाफ्ट उघडला होता का, आणि उघडण्याआधी खूण केली होती का? सरकत्या तोंडाच्या दात्यांवर शाफ्ट एक-दोन दाते इकडेतिकडे बसला तर दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस धरणारे) एका रेषेत राहत नाहीत. मग कोन कितीही जुळवा, एक क्रॉस दुसऱ्याची चूक संपवायच्या ऐवजी त्यात भर घालतो. खाली वाकून दोन्ही टोकांचे काटे समोरासमोर आहेत का ते बघा. नसतील तर उघडून फिरवून बसवा, आणि यावेळी पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ मारा. पैसा न खर्चता सुटणारी ही एकमेव घरघर.

ऐंशीच्या पुढे स्टिअरिंगचा कंप

चाकाचा दोष इथे शोधायचा. बॅलन्सिंग झालंय आणि तरी कंप आहे, तर मशीन खोटं बोलतंय असं नाही. मशीनवर चाक शंकूने मध्यभागी धरलं जातं. गाडीवर ते मधल्या भोकावर किंवा फक्त नटांवर बसतं. बाहेरून घेतलेल्या बहुतेक रिमचं मधलं भोक सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून मोठं असतं. हबवर ती रिम किंचित वर-खाली बसते आणि मशीनवरचा शून्य गाडीवर शून्य राहत नाही. उपाय स्वस्त आहे: भोक भरून काढणाऱ्या हब रिंग. त्या मिळेपर्यंत चाक हवेत असतानाच सहाही नट हाताने पूर्ण आवळा, मग चांदणीच्या क्रमाने पान्याने, आणि शेवटचा ताण गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचने. इम्पॅक्ट गनने एका बाजूने घट्ट केलेलं चाक कधीच मध्यभागी बसत नाही.

मग टायर गोल आहे का बघा. चाक जॅकवर, जमिनीवर एक वीट, विटेवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून टोक ट्रेडच्या जवळ आणा आणि चाक हाताने फिरवा. फट दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल तर टायर रिमवर १८० अंश फिरवून बसवायला सांगा. अनेकदा रिमचा उंचवटा आणि टायरचा खळगा जुळून काम होतं. मड टेरेन टायरमध्ये हे जास्त सापडतं. शिवाय मड टेरेनला स्वतःची एक गुणगुण असते. तिच्यावर उपचार करू नका, ती विकतच घेतली आहे.

हवेचा दाब मूळ टायरच्या आकड्याला चिकटून ठेवू नका. जाड भिंतीच्या एलटी टायरला तोच भार पेलायला सहसा जास्त दाब लागतो. ट्रेडवर आडवी खडूची रेघ मारा, सरळ रस्त्यावर थोडं अंतर जा. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी.

टायर एका अंगाने खातो, गाडी ओढते

पुढची उंची वाढली की आर्म खाली झुकतात आणि टो (वरून पाहता चाकाचं आत-बाहेर वळणं), कॅम्बर (समोरून पाहता चाकाचं कलणं), कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचं कलणं) तिन्ही हलतात. दुकानात मात्र बहुतेक वेळा टो तेवढा लावून देतात, कारण टाय रॉडचे नट समोर असतात. कॅम्बर-कास्टर लोअर आर्मच्या कॅम बोल्टवर (फिरवला की आर्म सरकवणारा बोल्ट) लागतात, आणि जुन्या गाडीत, विशेषतः कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या, हे बोल्ट बुशच्या पोलादी नळीत गंजून एकजीव झालेले असतात. मेकॅनिक एकदा जोर लावून बघतो आणि ‘ओके आहे साहेब’ म्हणतो. म्हणून आधी आणि नंतरची प्रिंट मागाच. दोन्ही प्रिंटवर कास्टरचा आकडा तसाच असेल तर त्याला कोणी हात लावलेला नाही. गंजलेला बोल्ट कापून नवा बोल्ट आणि बुश घालणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्याशिवाय पुढे काही होत नाही.

टायर स्वतःच बरंच सांगतो. ट्रेडवरून तळहात आत-बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो. एकच कड सरळ झिजली तर कॅम्बर. जागोजागी खळगे पडले तर शॉकअप मेले आहेत किंवा बॅलन्स नाही. आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, हायवेवर गाडी सतत सावरावी लागते, तर कास्टर कमी पडलाय. कॅम शेवटच्या टोकाला जाऊनही कास्टर मिळत नसेल तर बदललेल्या भूमितीचे अपर आर्म घ्यावे लागतात. तेही नको असेल तर पुढची उंची थोडी उतरवा. माझं मत विचाराल तर रोजच्या वापराच्या गाडीला पुढे ४० मिलिमीटर पुरे. पन्नासच्या पुढे गेलं की प्रत्येक पाच मिलिमीटरची किंमत दुसऱ्या कुठल्यातरी भागाकडून वसूल होते.

घासणं

पूर्ण वळवल्यावर टायर चाकामागच्या लायनरला किंवा कॅब माउंटच्या कोपऱ्याला घासतो. तिथे धातू चमकत असेल तर जागा सापडली. लिफ्टने हे पूर्ण सुटेल ही आशा सोडा, कारण बंप स्टॉपपर्यंत (चाकाला आणखी वर जाऊ न देणारं रबर) दाबल्यावर चाक पूर्वी जिथे पोचायचं तिथेच पोचतं. बाहेर येणारी, कमी ऑफसेटची रिम असेल तर घासणं वाढतं, कारण वळताना टायरची कड मोठा फेर धरते. लायनर गरम हवेने मऊ करून मागे दाबणं, कास्टर वाढवून चाक किंचित पुढे घेणं, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. कॅब माउंट कापून वेल्डिंग करायला मी सांगणार नाही. २६५/७० आर१६ घेतला असता तर ७७७ मिलिमीटरमध्ये यातलं बरंचसं टळलं असतं, हे आता सांगून उपयोग नाही. पण अजून टायर घ्यायचे असतील तर विचार करा. स्टेपनी मालाच्या हौद्याखाली बसते का, तेही पाचवा टायर विकत घेण्याआधी बघा.

ठक, कटकट, किरकिर

स्पीड ब्रेकर उतरताना पुढून ‘ठक्क’ असा कोरडा आवाज आला तर चाक खाली जाताना शॉकअप किंवा अपर आर्म शेवटच्या टोकाला आपटतोय. शॉकच्या डोक्यावर स्पेसर टाकून केलेल्या लिफ्टमध्ये हे नेहमीचं. स्पेसर जेवढा जाड त्याच्या जवळजवळ दुप्पट चाक खाली जातं, कारण शॉक लोअर आर्मच्या मध्यावर बसतो. म्हणून दोन इंचासाठी दोन इंची स्पेसर बसवणाऱ्याकडून गाडी लगेच परत घ्या.

पूर्ण वळवून हळू चालवताना ‘कट-कट-कट’ आलं तर सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. चाकाच्या आतल्या बाजूला, शॉकच्या स्प्रिंगवर आणि मडगार्डच्या पोटात काळ्या ग्रीसचे शिंतोडे एका रेषेत उडालेले दिसतील. बूटच्या (सांध्यावरच्या रबरी आवरणाच्या) घड्या एकमेकींवर घासून फाटलेल्या असतात. फोर व्हील ड्राइव्ह न लावताही हे होतं. बूट नुकता फाटला असेल तर ग्रीस-बूट बदलून जॉइंट वाचतो. एक पावसाळा चिखलात गेला असेल तर वाचत नाही. पुढचं डिफरन्शियल किंचित खाली घेणारे स्पेसर कोन कमी करतात, बूटचं आयुष्य वाढवतात.

मागून किरकिर, आणि ग्रीस मारूनही न जाणारी, हे बहुधा बसवतानाचं दुखणं. पाट्याच्या आयचे आणि आर्मचे बोल्ट गाडी लटकलेली असताना आवळले गेले की रबराचा बुश चुकीच्या जागी पिळून बसतो आणि गाडी खाली आल्यावर कायम ताणात राहतो. काही महिन्यांत फाटतो. सगळे बुश बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर उभी करा, मागे-पुढे ढकला आणि मग आवळा. पाटा हौसिंगला आवळणारे यू-बोल्ट जुनेच परत वापरले असतील तर तेही बदला. एकदा ताणले गेलेले दाते पुन्हा तो ताण धरत नाहीत. नवे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून आवळायचे.

ब्रेक, दिवे, कागद

काही जुन्या पिकअपमध्ये मागच्या हौसिंगला जोडलेल्या दांडीने मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागून उंची वाढली की दांडी खाली खेचली जाते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तुमच्या गाडीत तो असेल तर त्याचा कंस उंचीइतका खाली घ्यावाच लागतो. ब्रेकच्या होज आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लटकल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हे हात लावून बघा. हेडलाइट खाली करा, समोरच्याचे शिव्याशाप वाचतील. स्पीडोमीटरवर ८० दिसताना गाडी पूर्वी ८० ला होती त्यापेक्षा सहा किलोमीटर जास्त धावतेय. जीपीएसने ताडून घ्या.

कागदांबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी हेच बघतो. मूळ स्प्रिंग, पाटे, शॅकल भंगारात देऊ नका.

एवढं करूनही कंप उरला तर मेकॅनिककडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कंप कोणत्या वेगाला सुरू होतो आणि कोणत्या वेगाला जातो, न्यूट्रलमध्ये राहतो का, स्टिअरिंगमध्ये की सीटमध्ये, ४० च्या वेगाला फोनने किती हर्ट्झ दाखवले, शाफ्टचे चारही कोन, मागची लिफ्ट शॅकलची की ठोकळ्याची, आणि अलाइनमेंटची शेवटची प्रिंट. हा कागद बघून जो थेट बॅलन्सिंग मशीनकडे वळेल त्याच्याकडे गाडी सोडू नका.